कप्तानाला रोम दाखवताना

सकाळीच बार्बेरिनी चौकातल्या बग्गीच्या अड्ड्यावर तुल्लिओचे पुढचे दोन दात पडले, आणि तेही कोलोसियमपायी. जर्मन कप्तान त्याला म्हणाला, कोलोसियम दाखव. तुल्लिओची खोड जुनी. गिऱ्हाईक नवखं दिसलं की 'ते आज बंद आहे साहेब' म्हणायचं आणि आपल्या सोयीच्या वाटेनं फिरवून आणायचं. आता ही खोड रोममधल्या कुठल्या बग्गीवाल्याला नाही? बापानं केलं, आजानं केलं, जुना पोप मेला तेव्हा केलं आणि नवा बसला तेव्हाही केलं. पण अरे शहाण्या, ज्याला दोन हजार वर्षं धड छप्पर नाही, ते आज बंद कसं असेल? कप्तानाबरोबर कुंत्से नावाचा एक दांडगा कॉर्पोरल होता. त्यानं एक शब्द न बोलता बंदुकीचा दस्ता फिरवला, आणि तुल्लिओ बग्गीच्या पायरीवरून थेट कारंज्याच्या काठावर जाऊन आदळला.

मग कप्तान रांगेतल्या पुढच्या बग्गीकडे वळला. ती ओरेस्तेची होती.

"तुझं रोम तरी उघडं आहे का?" त्यानं विचारलं. इटालियन चांगलं होतं मेल्याचं, विद्यापीठात शिकला होता म्हणे. हातात लाल पुठ्ठ्याचं प्रवासाचं पुस्तक, पायात लखलखीत बूट.

ओरेस्तेनं टोपी काढली. "सगळं उघडं आहे कप्तानसाहेब. बसा ना."

तोंडानं बसा म्हणाला, मनात मात्र म्हणाला, दुसरी बग्गी बघ. चव्वेचाळीस सालचा फेब्रुवारी होता तो. शहर जर्मनांच्या टाचेखाली होतं. तिकडे समुद्रकाठी अमेरिकन उतरले होते, त्यांच्या तोफांची धडधड वारा फिरला की थेट नदीपर्यंत ऐकू यायची. तरण्या पोरांना फौजेचं बोलावणं आलं होतं. जो हजर झाला नाही त्याला भिंतीशी उभा करायचे. जो रस्त्यात सापडला त्याला ट्रकमध्ये कोंबून खंदक खणायला न्यायचे, आणि तिथून परत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. ओरेस्तेचा थोरला आधीच रशियाच्या बर्फात राहिला होता. धाकटा सेत्तिमियो, एकोणीस वर्षांचा, तेवढा उरला होता. तो तेस्ताच्चोच्या टेकडीत लपला होता.

ही टेकडी म्हणजे मातीची नव्हेच. जुन्या काळच्या फुटक्या रांजणांच्या खापऱ्यांचा ढीग आहे तो, वर गवत उगवलेलं. त्याच्या पोटात दारूची तळघरं कोरलेली आहेत. त्यातल्या एकात, सोरा आस्सुंता नावाच्या बाईच्या पिंपांमागे, पोरगा उंदरासारखा राहत होता. रोज दुपारच्या आधी ओरेस्ते बग्गी घेऊन तिकडे जाई, तोबऱ्यात दडवलेली भाकरी पोचवी. खूण काय, तर कोंतेसाच्या गळ्यातली घुंगरं. कोंतेसा म्हणजे त्याची घोडी. शहरातले बाकीचे घोडे लोकांनी एव्हाना शिजवून खाल्ले होते. कोंतेसा वाचली ती हॉटेलातल्या जर्मन अधिकाऱ्यांना हौशीनं फिरवते म्हणून. तेस्ताच्चोत आता दुसरी घुंगरं वाजतच नव्हती. ती वाजली की सेत्तिमियो पाण्याची बादली घेऊन बाहेर यायचा, कारण बग्गीवाल्याचा पोर बापाच्या हाताकडे नंतर बघतो, आधी घोडीला पाणी दाखवतो. अशी ही पक्की व्यवस्था, बापलेकांना तिचा केवढा अभिमान!

"दुपारच्या जेवणाला मला कर्नलकडे पोचायचंय," कप्तान पाय पसरून बसत म्हणाला. त्याचं नाव हाबरकोर्न. "तोवर काय काय होईल? तू निवड. तुम्ही लोक मुरलेले असता. पण एक गोष्ट मला हवीच. पिरॅमिड, आणि त्याच्या शेजारचं परदेशी लोकांचं कबरस्तान. माझ्या आजोबांचा भाऊ तिथं पुरलाय. चित्रकार होता."

कबरस्तानाची भिंत संपते तिथं खापऱ्यांची टेकडी सुरू होते.

"पिरॅमिडात काय पाहायचं साहेब?" तो हसत हसत म्हणाला. "एक दगडी सुळका. खरे पिरॅमिड इजिप्तमध्ये."

"इजिप्त," कप्तान म्हणाला, "आमच्या हातून गेलं."

कुंत्सेला इटालियन येत नव्हतं, पण साहेबाचा चेहरा वाचता येत होता. त्यानं शेजारच्या बैठकीवरून हात उचलला आणि ओरेस्तेच्या कानाखाली अशी सणसणीत लगावली की कोंतेसा दचकून दोन पावलं पुढे गेली.

"पिरॅमिड दाखवतो साहेब," ओरेस्ते म्हणाला. "शेवटी दाखवतो. गोड शेवटी खावं."

कानात घंटा वाजत होत्या आणि डोकं मात्र भराभर चालत होतं. जन्म गेला होता त्याचा या धंद्यात. कुठली जागा किती वेळ खाते हे त्याला बायकोच्या स्वभावासारखं पाठ होतं. सकाळ अशी ठासून भरायची की पिरॅमिडला जागाच उरू नये. जेवणाची वेळ झाली की कप्तान आपणच म्हणेल, चल परत. सुंठीवाचून खोकला जाईल.

"आधी सान पिएत्रोचं चर्च घेऊ," त्यानं सुचवलं. "तिथं माणूस दोन दोन तास हलत नाही साहेब. तो घुमट, ते खांब..."

"तिथं चौकात पांढरा पट्टा मारलाय," कप्तान तोंड कडू करून म्हणाला. "पट्ट्यापलीकडे पोपचं राज्य. गणवेश घालून आत जायला मला मनाई आहे. दुसरं बोल."

"मग कोलोसियम."

"हां. त्या दात पडलेल्यानं बंद ठेवलं होतं ते."

कोलोसियमला ओरेस्तेनं लांबून लांबून नेलं. कधी नाही ते प्रत्येक कारंजं दाखवलं, प्रत्येक कारंज्याची खरीखोटी कथा सांगितली. कोलोसियमच्या कमानीखाली त्या सकाळी दोनच माणसं होती. एक चित्रांची कार्डं विकणारा गास्पारे, आणि दुसरा एक हात गमावलेला शिपाई, मागच्या महायुद्धातला. दोघंही उपाशी. सगळं शहरच उपाशी होतं म्हणा, पाव मिळायचा तो तळहातावर मावेल एवढा.

कप्तानानं आतली माती बघितली, आजूबाजूचे कोसळलेले कठडे बघितले, आणि तो जरा खट्टू झाला. "रिकामं वाटतं," तो म्हणाला. मग त्यानं कुंत्सेच्या पिशवीतून अर्धा पाव काढला आणि मधोमध धुळीत फेकला. "जो उचलेल त्याचा. पण एकानंच उचलायचा."

गास्पारे आणि तो थोटा, दोघं एकमेकांकडे बघत राहिले. वीस वर्षं एकाच कमानीखाली उभे राहणारे दोघे.

"जा रे, तू घे," गास्पारे म्हणाला.

कुंत्सेनं बंदुकीचा घोडा चढवला. "लढायचं," कप्तान शांतपणे म्हणाला. "इथं भिकाऱ्यांना वाढायची पद्धत नव्हती."

मग लढले ते. आधी खोटं खोटं, नाटकातल्यासारखं. मग पावाचा वास नाकात गेला असावा. थोट्यानं डोकं गास्पारेच्या पोटात खुपसलं, दोघं खाली पडले, गास्पारेच्या हाताला दगड लागला आणि त्यानं तो मारला. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. थोट्याची भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. तो लहान मुलासारखा "आई गं" म्हणून ओरडला. कप्तानानं अंगठा खाली केला, आणि कुंत्सेनं जाऊन पडलेल्याच्याच बरगडीत बूट घातला. हाड मोडल्याचा आवाज वरच्या कठड्यांपर्यंत गेला. गास्पारेनं पाव उचलला आणि रडत रडत तिथंच खाल्ला.

ओरेस्ते बग्गीपाशी उभा राहून हे सगळं बघत होता, आणि लाज वाटावी अशी गोष्ट सांगतो, त्याला आतून बरं वाटत होतं. वेळ जात होता ना! थोट्याचं नाव तो जाणून होता, त्याच्याबरोबर कितीदा एका बाटलीतून प्यायला होता. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. मनात तो म्हणत होता, आणखी थोडा वेळ लढा रे बाबांनो.

तिथून त्यानं जुन्या चौकाचे भग्न खांब दाखवले, एकेक करून. चौकाशेजारच्या टेकडीवरचा घोडेस्वार दाखवायला नेलं, तर पुतळा विटांनी झाकून टाकलेला, बाँबच्या भीतीनं. कप्तानानं घड्याळ बघितलं. "पुरे झाले खांब. सगळे सारखेच. पिरॅमिडच्या वाटेवर आणखी काय आहे?"

"सत्याचं तोंड आहे साहेब," ओरेस्ते म्हणाला. म्हणाला आणि जीभ चावली. पण वाटेवर दुसरं होतं काय वेळ खाणारं?

चर्चच्या पडवीत भिंतीला टेकवलेला मोठा गोल दगड, त्यावर दाढीवाला चेहरा, उघडं तोंड. त्या तोंडात हात घालून खोटं बोललं तर ते हात तोडतं, असं सांगून रोमच्या बायकांनी नवऱ्यांना आणि बग्गीवाल्यांनी प्रवाशांना पिढ्यान्पिढ्या घाबरवलंय. कप्तानाला जागा फार आवडली. हसला, पोरासारखा हसला.

"घाल हात," तो ओरेस्तेला म्हणाला.

"मी कशाला साहेब? पाहुण्यांनी घालायचा असतो."

"घाल."

ओरेस्तेनं हात घातला. दगड गार पडला होता. कप्तानानं ओरेस्तेचाच चाबूक काखेत धरला होता, त्याची मूठ शिशानं भरलेली.

"घरी कोण कोण असतं?"

"बायको. एर्सिलिया."

"मुलं?"

"एक होता. रशियात गेला, तुमच्याच बाजूनं लढताना."

"आणखी?"

कोंतेसा बाहेर मान हलवत होती, घुंगरं छुमछुमत होती. ओरेस्तेनं आपल्या पोराला मनातल्या मनात हात जोडले. "नाही साहेब. दुसरा नाही."

कप्तानानं चाबकाची मूठ उचलली आणि त्याच्या मनगटावर अशी हाणली की आतलं हाड काडीसारखं वाजलं. ओरेस्ते गुडघ्यावर बसला. तोंडातून किंकाळी निघाली ती पडवीभर घुमली.

"चावलं बघ!" कप्तान खदाखदा हसत म्हणाला. "म्हणजे खोटं बोललास." कुंत्सेही हसला, न कळताच. गंमत होती ती. कप्तानाला काही माहीत नव्हतं, शंकाही नव्हती. नुसती गंमत म्हणून त्यानं एका माणसाचा हात मोडला आणि हातरुमालानं चाबकाची मूठ पुसली. आग लागो असल्या गमतीला!

"चल, पिरॅमिड," तो म्हणाला. "वेळ आहे अजून."

ओरेस्तेनं उजवा हात कोटात खुपसला आणि डाव्या हातानं लगाम धरला. धरायचीही गरज नव्हती म्हणा. रोजची वेळ झाली होती. चर्चपासून नदीकाठानं खाली वळायचं हे कोंतेसाला ठाऊक होतं, ती आपणच वळली, आणि पाण्याच्या आशेनं पाय उचलून चालू लागली. ओरेस्तेनं तिला मागे ओढलं तर तिनं मान उडवली. वीस वेळा ओरडून सांगितलं असतं तरी त्या मुक्या जनावराला काय कळणार, की आज तिकडे जायचं नाही?

कबरस्तानाच्या बऱ्याच अलीकडे त्यानं बग्गी थांबवली. "पट्टा सैल झालाय साहेब," म्हणाला आणि खाली उतरला. पुढे जाऊन कोंतेसाच्या छातीशी वाकला, तोबऱ्यातलं गवत काढलं, आणि डाव्या हाताच्या बोटांनी एकेका घुंगरात कोंबलं. कोंतेसानं त्याच्या कानाशी नाक घासलं. "गप ग बये," तो पुटपुटला. "आजच्या दिवस मुकी हो."

आणि झालंही तसं. बग्गी निमूट कबरस्तानाच्या दारापर्यंत गेली. समोर पिरॅमिड, पलीकडे वेशीवर जर्मनांची चौकी, तिथं उभा असलेला ट्रक, ट्रकमध्ये गप्प बसलेली दहाबारा माणसं. कप्तान आत गेला, सरूच्या झाडांखाली हिंडला, आजोबांच्या भावाची कबर सापडली तेव्हा टोपी काढून उभा राहिला. डोळ्यातून पाणीसुद्धा काढलं लेकाच्यानं. ओरेस्ते दारातून बघत होता आणि देवाला म्हणत होता, याच्या आजाच्या भावाला स्वर्गात चांगली जागा दे, पण याला आता घरी ने.

कप्तान हळवा होऊन परत आला. बग्गीत बसला. मग म्हणाला, "घुंगरं का वाजत नाहीत?"

"साहेब?"

"सकाळभर वाजत होती. मला आवडत होती ती."

"थंडीनं गोठली असतील."

कप्तानानं कुंत्सेला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. कुंत्से उतरला, घोडीच्या गळ्याशी गेला, बोट घालून गवत बाहेर काढलं आणि ते वर धरून दाखवलं. मग पट्टा दोन्ही हातांनी धरून त्यानं गदागदा हलवला. घुंगरं वाजली. अशी वाजली की वर्षभरातल्या लग्नांत वाजली नसतील! भिंतीवरून, गवतावरून, खापऱ्यांच्या टेकडीवरून तो आवाज गेला.

"गवत कशाला?" कप्तानानं विचारलं. आवाज बदलला होता.

ओरेस्तेच्या तोंडून उत्तर निघायच्या आत भिंतीच्या टोकाला माणूस दिसला. हातात बादली, पाणी हिंदकळत होतं. दाढी वाढलेली, डोळे उजेडानं मिचमिचलेले. दोन महिने अंधारात राहिलेला पोर, त्याला आधी घोडी दिसली आणि तो हसला. मग त्याला गणवेश दिसला. तोवर कुंत्सेची बंदूक वर आली होती.

पळाला असता तर पाठीत गोळी. पोरगं हुशार, पळालं नाही. सरळ चालत आलं आणि बादली कोंतेसाच्या पुढ्यात ठेवली. "घोड्यांना पाणी पाजतो साहेब," तो म्हणाला. "पावाच्या तुकड्यासाठी."

कोंतेसानं बादलीत तोंड घालायच्या आधी त्याच्या खांद्याला नाक लावलं.

"घोडी ओळखते याला," कप्तान म्हणाला.

"घोडी पाणी ओळखते साहेब," ओरेस्ते म्हणाला. पोराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं संपलं असतं.

"कागद?"

"घरी राहिले," सेत्तिमियो म्हणाला.

"वय?"

"सोळा."

कप्तानानं त्याच्या दाढीकडे बघितलं आणि मान हलवली. कुंत्सेनं दस्ता पोराच्या पोटात घातला. तो वाकला. दुसरा मानेवर बसला, तो पडला. तिसरा पाठीत. ओरेस्ते वर आपल्या जागेवर बसून ऐकत होता. मोडलेल्या हाताची मूठ त्यानं कोटाच्या आत आवळली, हाडावर हाड घासलं, आणि त्या कळेला धरून तो बसून राहिला, नाहीतर ओरडला असता.

"चांगला दणकट आहे," कप्तान म्हणाला. "खणायला उपयोगी. बांध, चौकीवर देऊन टाकू." ओरेस्तेला ऐकवायलाच जणू तो इटालियनमध्ये बोलला, मग कुंत्सेला जर्मनमध्ये सांगितलं. कुंत्से दोर काढायला बग्गीच्या मागच्या पेटीकडे गेला.

ट्रक शंभर पावलांवर होता. हा माझा पोर आहे म्हणावं, तर फौज चुकवणारा आणि त्याला लपवणारा असे दोघं एकाच भिंतीशी उभे राहणार, सोरा आस्सुंता तिसरी. गप्प बसावं तर ट्रक. दगडाखाली सापडलेला हात तो, ओढला तरी तुटणार आणि ठेवला तरी. ओरेस्तेनं खाली बघितलं. सेत्तिमियो पुढच्या चाकाशी पालथा पडला होता. धडपडत कुशीवर वळला. त्यानं मान वर केली आणि बापाच्या तोंडाकडे बघितलं.

खणणाऱ्याला दोन पाय लागतात. धड माणसाला नेतात, लंगड्याला कोण नेतंय? एवढाच विचार ओरेस्तेच्या डोक्यात आला, दुसरा येऊच शकला नाही. त्यानं डाव्या हातानं लगाम झटकला आणि घशाच्या तळापासून ओरडला.

कोंतेसा बादली उलथून पुढे उसळली. आधी पुढचं चाक गेलं. मग मागचं, कप्तानाच्या वजनासकट. गुडघ्याखाली हाड फुटल्याचा आवाज ओरेस्तेला चाकातून, फळीतून, स्वतःच्या माकडहाडातून वर आलेला कळला. पोराची किंकाळी माणसाची वाटेना. कप्तान बैठकीवरून मागे आडवा झाला, त्याची टोपी रस्त्यात गेली.

"बिथरली साहेब! घोडी बिथरली!" ओरेस्ते ओरडत होता. कप्तान उठला आणि चाबकाची मूठ त्यानं ओरेस्तेच्या तोंडावर मारली, कानावर मारली, कान मुळापासून फाटला, तरी तो मारत राहिला. ओरेस्तेनं हात आडवा केला नाही. मनात म्हणत होता, मार, मार, मलाच मार, तिकडे बघू नकोस.

टेकडीकडून सोरा आस्सुंता धावत आली. जाडजूड बाई, एप्रनला दारूचे डाग. एका नजरेत तिला सगळं कळलं. तिनं पोराच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि ओरेस्तेकडे बघून तोंड सोडलं. "अरे आंधळ्या! मुडद्या! गरिबाच्या पोराला चिरडलंस रे! तुझी बग्गी जळो, तुझे हात झडोत, तुझा वंश बुडो!" आणि त्याच्या तोंडावर थुंकली. ओरेस्तेला तिचे पाय धरावेसे वाटले.

पोराचा पाय गुडघ्याखाली उलटा वळला होता. पांढरं हाड विजारीतून बाहेर आलेलं. कुंत्से दोर हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिला, मग दोर टाकून त्यानं बंदूक घेतली. नळी बाईच्या खांद्यावरून पोराच्या डोक्याकडे वळवली आणि साहेबाकडे बघितलं. भाषा कळायची गरज नव्हती. संपवू का, एवढंच विचारत होता.

कप्तान हातमोज्यानं टोपी झटकत होता. विचार करत होता. खरंच करत होता, बाजारात शिळं फळ घ्यावं की टाकावं असा.

"साहेब," ओरेस्ते म्हणाला. तोंडात रक्त होतं, एक दात जिभेवर सुटा झाला होता, तो त्यानं गिळला. "साहेब, एक जागा राहिली. तुमच्या पुस्तकात तिला दीड ओळसुद्धा नसेल. इथून चढावर, आवेन्तिनोवर. एका बंद दरवाजाला भोक आहे, किल्लीचं. त्या भोकाला डोळा लावला की सान पिएत्रोचा सबंध घुमट दिसतो, दोन्ही बाजूंनी झाडं आणि बरोबर मधोमध घुमट. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडून. कुणी अडवत नाही."

कप्तानानं मान वळवली. "भोकातून?"

"पण उजेड आत्ताच आहे साहेब. थोड्या वेळानं धुकं चढतं, मग काही दिसत नाही. गोळी घातलीत तर चौकीवरचे येतील, लिहून घेतील, विचारतील. वेळ जाईल. या लंगड्यात काय उरलंय?"

कप्तानानं घड्याळ बघितलं. मग पोराकडे बघितलं. मग म्हणाला, "एवढ्याला वेळ आहे." कुंत्सेनं बंदूक खाली घेतली आणि चढून बसला.

कोंतेसा हलेना. मान मागे वळवून पोराकडे बघत उभी राहिली. ओरेस्तेनं कप्तानाकडून चाबूक मागून घेतला आणि तिच्या पाठीवर ओढला. पुन्हा ओढला, कातडी फुटेपर्यंत. तेव्हा ती निघाली. पाठीमागे पोराचं ओरडणं हळूहळू बारीक होत गेलं, आणि चढ लागला तेव्हा थांबलं. बेशुद्ध झाला की मेला, हे बापाला मागे वळून बघता आलं नाही. वाटेत डाव्या हाताला कुठलं चर्च, उजव्या हाताला कुणाची बाग, हे तो फाटक्या ओठांनी सांगत होता. कप्तान विचारतच होता ना!

दरवाजाशी कप्तान वाकला. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळा भोकाला, मान उघडी. चाबकाची शिसं भरलेली मूठ ओरेस्तेच्या हातात होती. पण कुंत्से दोन पावलांवर उभा होता, आणि एका जर्मनाच्या बदल्यात किती रोमवाल्यांना उभं करतात ते सगळ्या शहराला माहीत होतं. खापऱ्यांच्या टेकडीपासूनच सुरुवात केली असती त्यांनी.

"अप्रतिम," कप्तान कितीतरी वेळानं म्हणाला. "सबंध सकाळीत हेच खरं. नशीबवान आहेस म्हाताऱ्या, तुला रोज बघायला मिळतं. ये, बघ."

"मी पाहिलंय साहेब."

"बघ म्हटलं ना."

ओरेस्तेनं दरवाजाला कपाळ टेकलं आणि डोळा लावला. त्याला घुमट दिसला नाही. त्याला चाक दिसलं. बग्गीवाल्यांची पोरं चाकांतच वाढतात. पडलास तर आधी दोन्ही पाय पोटाशी घ्यायचे, हे त्यांना बोलता येण्याच्या आधीपासून येतं. सेत्तिमियोला येत होतं. चाक येईपर्यंत त्याला वेळही होता. बापाच्या तोंडाकडे बघून त्यानं एक पाय पोटाशी घेतला होता, आणि दुसरा तसाच, सरळ, पसरून ठेवला होता.

"दिसलं का?" कप्तानानं विचारलं.

"दिसलं साहेब," ओरेस्ते म्हणाला आणि दरवाजाला डोकं लावून हमसून हमसून रडू लागला.

कप्तानानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. घुमट बघून इतकं रडणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता.